ऑपेरातली युगुलगीतं, शिकाऊ गळ्यांसाठी : निवडीच्या नोंदी

३ जून

आजपासून ही वही. आठ गळे, पियानोवर आमचे सर, आणि हातात पंधरा आठवडे. सप्टेंबरच्या मध्यावर ऑपेरातल्या युगुलगीतांचा छोटा कार्यक्रम करायचा आहे, साधारण अर्ध्या तासाचा.

नावं लिहीत नाही. सोप्रानो (बायकांचा सर्वांत उंच आवाज) तिघी: धाकटी १६ वर्षांची, मधली १८, थोरली २१. मेझो (त्याखालचा आवाज) एक, १९ वर्षांची. एक मुलगी १७ वर्षांची, तिचा आवाज कुठे स्थिरावणार ते अजून कळत नाही. मुलगे तीन, उंच आवाजाकडून खालच्याकडे: टेनर १९, बॅरिटोन २०, बास-बॅरिटोन २२.

पाच वर्षांपूर्वी केलेली चूक पहिल्याच पानावर लिहून ठेवते. १९ वर्षांचा टेनर आणि २० वर्षांची सोप्रानो यांना मी 'ला बोएम'मधलं 'ओ सोआवे फान्चुल्ला' दिलं होतं. पुचिनीनं शेवटी टेनरला खालचा ई (सी, डी, ई ही पाश्चात्य स्वरांची नावं) लिहिला आहे; पण अनेक टेनर सोप्रानोबरोबर वरचा सी घेतात. मुलानं तेच ऐकलेलं होतं, त्याला तेच हवं होतं, आणि मी हो म्हणाले. कार्यक्रमात टाळ्या खूप मिळाल्या. त्यानंतर महिनाभर त्याचा आवाज एफच्या वर मोकळा निघत नव्हता. दोघं एकमेकांकडे बघत गात होती, पण एकमेकांचं काहीच ऐकत नव्हती. ऐकायला उसंत कुणाला होती? सगळी ताकद स्वर गाठण्यात चालली होती.

म्हणून यंदा गाणं निवडताना पहिला प्रश्न हाच: हे गाताना त्या मुलाला किंवा मुलीला जोडीदाराचं ऐकू येईल का?

५ जून

प्रत्येकाला विचारलं, काय गावंसं वाटतं. उत्तरं अपेक्षेप्रमाणे आली. थोरली आणि मेझो: 'लाक्मे'मधलं फुलांचं गाणं. टेनर आणि बॅरिटोन: बिझेच्या 'मोतीवेचे'मधलं 'ओ फों द्यु तांप्ल सें'. मधली: 'नोर्मा'तलं 'मीरा, ओ नोर्मा'. धाकटी म्हणाली, "ताई, तुम्ही द्याल ते." बास-बॅरिटोनला काहीही चालेल, फक्त अभिनय करायला मिळाला पाहिजे.

सगळी फर्माईश रेकॉर्डिंगवरून आलेली आहे, आणि त्यात गैर काही नाही. ऐकून जीव जडतो म्हणूनच माणूस गायला लागतो. पण रेकॉर्डिंगमध्ये गाणारे चाळिशीतले असतात, पिकलेल्या आवाजाचे. त्यांची नक्कल करायला गेलं की कोवळा गळा रुंद आणि काळोखा आवाज काढू लागतो. जीभ मागे जाते, जबडा आवळतो. म्हणून गाणी ठरल्यावर पहिले दोन आठवडे रेकॉर्डिंग ऐकायचं नाही, असं सगळ्यांकडून कबूल करून घेतलं.

९ जून

कपाटातले स्कोअर (नोटेशनची पुस्तकं) काढून बसले. प्रत्येक युगुलगीतासाठी कागदावर तीन रकाने आखले: राहण्याची जागा, उसंत, शब्द.

राहण्याची जागा म्हणजे टेसितुरा. सर्वांत वरचा स्वर कोणता, हे सगळे विचारतात. आवाज बहुतेक वेळ कुठे मुक्कामाला आहे, हे फार थोडे विचारतात. एखादा बी फ्लॅट एकदाच, उतरत्या ओळीच्या टोकाला, मोकळ्या 'आ'वर आला तर १८ वर्षांची सोप्रानो तो हसत घेईल. पण तीच ओळ पानभर ई, एफ, एफ शार्प याच पट्ट्यात घुटमळत असेल, त्यात प्रत्येक स्वरावर नवं अक्षर असेल, तर दुसऱ्या पानावर गळा थकतो. तिथेच आवाज एका घरातून दुसऱ्या घरात जातो. टेनरचीही हीच कथा, एक सप्तक खाली. म्हणून पेन्सिलीनं त्या पट्ट्यातल्या मात्रा मोजते. कंटाळवाणं काम आहे, पण मोजल्याशिवाय खरं चित्र दिसत नाही.

उसंत म्हणजे एकाचं गाणं चालू असताना दुसऱ्याला किती वेळ गप्प राहायला मिळतं. एकट्यानं गायच्या आरियापेक्षा युगुलगीत तरुण गळ्याला मानवतं ते या उसंतीमुळे. मात्र काही युगुलगीतांत दोघं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकत्रच गातात. तिथे हा फायदा उरत नाही.

शब्द म्हणजे भाषा, वेग, आणि मजकूर त्या वयाला शोभतो का. 'दोन जुआन्नी'मधलं 'ला ची दारेम ला मानो' स्वरांच्या हिशेबानं अगदी सोयीचं आहे, शिकवणारे डोळे मिटून देतात. पण त्यात एक बडा सरदार लग्नाच्या दिवशी एका खेडवळ मुलीला फूस लावतो आहे, आणि ती 'वोर्रेई ए नॉन वोर्रेई', म्हणजे जावंसं वाटतं आणि वाटत नाही, अशी डळमळते आहे. १६ वर्षांच्या मुलीला मी हे देणार नाही. तिनं ते नुसतं गोड म्हणून गायलं तर गाणं खोटं होतं, आणि समजून गायलं तर तिच्यावर नको ते ओझं पडतं.

खालच्या पट्टीत उतरवण्याचा मार्ग युगुलगीतात जवळजवळ बंदच आहे. एकाची सोय केली की दुसऱ्याचा तळ सुटतो.

१२ जून

सतरा वर्षांच्या मुलीबद्दल.

तिला नोटेशन सुरेख वाचता येतं. म्हणून लहानपणापासून वृंदगानात तिला खालची ओळ दिली गेली, आणि आता ती स्वतःला मेझो म्हणवते. आज तिच्याबरोबर अर्धा तास नुसते स्वर घेतले. खालचा ए आणि बी नुसत्या श्वासासारखे निघतात, तिथे अंग नाही. उलट 'ऊ'वर हळूच वर नेलं तर ई-एफच्या पुढे आवाज एकदम मोकळा होतो, तिच्या चेहऱ्यावरही आश्चर्य उमटलं. ही मेझो असेल किंवा नसेलही. खालची ओळ नीट धरता येते, एवढ्यावरून गळ्याची जात ठरवायची नाही.

म्हणून तिला असं युगुलगीत हवं, ज्यात दोन ओळी जवळजवळ आहेत आणि खालची ओळही मध्यावरच राहते. आलटून पालटून दोन्ही ओळी गाता आल्या तर फारच उत्तम.

१७ जून

'लाक्मे'चं फुलांचं गाणं थोरलीनं आणि मेझोनं गाऊन दाखवलं. परीक्षा म्हणून नव्हे, त्यांनाच कळावं म्हणून.

देलीबचं हे १८८३चं काम. दोन्ही ओळी जवळजवळ सारख्या अंतरानं एकमेकींच्या शेजारून वाहतात. ऐकायला सोपं वाटतं त्याचं कारण तेच, आणि अवघड जातं त्याचंही. समांतर तिसऱ्यांत (एकीपासून तिसऱ्या स्वरावर दुसरी) लपायला जागा नसते. एकीचा सूर केसभर खाली आला की दोघी बेसूर वाटतात. शिवाय पट्टी बी मेजर, पाच शार्प (अर्ध्या स्वरानं चढवलेले सूर). आणि फ्रेंच नासिक्य स्वर: 'ज़ास्में'मधला 'एं' नाकात अडकला की सूर लगेच उतरतो.

पहिलं कडवं पियानोबरोबर ठीक गेलं. मग सरांना थांबायला सांगितलं आणि दोघींना तीच ओळ साथीशिवाय गायला लावली. आठव्या मात्रेपासून त्या एकमेकींकडे बघेनाशा झाल्या. थोरली छतावर बघत होती, मेझो कागदात. शेवटी सरांनी बी मेजरची कॉर्ड दाबली तेव्हा त्या जवळजवळ अर्धा स्वर खाली होत्या. मेझोनं स्वतःच स्कोअर मिटला. "हे अजून आमचं नाही, ताई," ती म्हणाली. मला तिचा अभिमान वाटला.

दुसरा पर्याय लगेच पुढे ठेवला: 'होफमानच्या कथा'मधला बार्कारोल (नावाड्यांच्या गाण्याच्या ढंगाचं गीत), 'बेल न्वी, ओ न्वी दामूर'. ऑफेनबाखनं ही चाल मुळात १८६४च्या 'राइननिक्सन'साठी लिहिली होती. 'होफमान' रंगमंचावर आला १८८१ साली, त्याच्या मृत्यूनंतर. इथेही सोप्रानो आणि मेझो, इथेही सहा-आठचा झोका आणि बराच भाग एकत्र. पण सुरुवात मेझो एकटी करते, निकलाउस या पात्राच्या रूपात. थोरलीला ऐकत उभं राहावं लागतं आणि मग तिच्याच रंगात आत शिरावं लागतं. ओळी मध्यावर राहतात, वाक्यं छोटी आहेत, दोन वाक्यांमध्ये साथ डुलत राहते तेवढ्यात श्वास पुरा भरतो. डी मेजर आहे, सरांचा हातही बसलेला आहे.

दोघींचा चेहरा थोडा उतरला होता, तो गाता गाता खुलला.

२० जून

टेनर आणि बॅरिटोन. बिझेनं 'मोतीवेचे' लिहिलं तेव्हा तो २४ वर्षांचा होता (१८६३), त्यामुळे हे तरुणांचं गाणं आहे असं बॅरिटोनचं म्हणणं. लिहिणारा तरुण होता हे खरं, पण त्यानं लिहिलं ते पूर्ण वाढलेल्या गळ्यांसाठी. टेनरच्या ओळीच्या मात्रा मोजून त्यालाच दाखवल्या. वरच्या बी फ्लॅटची त्याला भीती नव्हती, आणि तो त्याच्याकडे आहेही. पण त्याच्या आधीची सगळी चढण, तीही संथ, लांब श्वासाची आणि हळू आवाजात, त्याच सांध्यावरून जाते जिथे त्याचा आवाज अजून फाटतो. १९व्या वर्षी हळू आवाजात तिथे राहायचं तर तो एक तर गळा आवळणार किंवा आवाज पोकळ करणार.

तो नाराज झाला. मी पाच वर्षांपूर्वीची गोष्ट त्याला सांगितली, काही न लपवता. तो बराच वेळ गप्प होता.

दोन पुरुषी आवाजांसाठी हलकी युगुलगीतं फार कमी आहेत, ही खरी अडचण. विनोदी ऑपेरांमध्ये आहेत, पण त्यांत जीभ इतक्या वेगानं चालवावी लागते की इटालियन मुरलेलं नसेल तर नुसता खडखडाट होतो. आज उत्तर मिळालं नाही.

२१ जून

मिळालं. मोझार्टची 'जादूची बासरी', दुसरा अंक, दोन पुरोहितांचं युगुलगीत, 'बेवारेट ओइख फोर वाइबरट्युकन'. टेनर आणि बास, सी मेजर, अगदी छोटं. कार्यक्रमांत सहसा कुणी घेत नाही, कारण त्यात चमक दाखवायला काहीच नाही. आमच्या टेनरला आत्ता नेमकं असंच हवं: मध्यावरचं, सरळ, जोडीदाराच्या शब्दाशी शब्द जुळवून गायचं. खालची ओळ मात्र बॅरिटोनपेक्षा बास-बॅरिटोनला बसेल.

मजकूर बायकांच्या कपटापासून सावध राहा असा आहे. मुलींपुढे वाचून दाखवला. थोरली म्हणाली, हे गाणाऱ्या पुरोहितांना आपण फार गंभीर आहोत असं वाटतंय, तसंच गाऊ द्या, लोकांना कळेल. तिचं म्हणणं पटलं. बाजू न घेता, पूर्ण विश्वासानं गायचं.

२४ जून

आज तालीम नव्हती. तरुण गळ्यांसाठी मुळातच कोणी काय लिहिलं, ते पुन्हा वाचून काढलं.

पर्सेलच्या 'डायडो अँड इनिअस'च्या १६८९च्या सुमाराच्या प्रयोगाची नोंद आहे ती लंडनच्या चेल्सीमधल्या मुलींच्या शाळेची. चायकोव्स्कीचा 'येवगेनी ओनेगिन' मार्च १८७९मध्ये पहिल्यांदा सादर केला तो मॉस्को कॉन्झर्व्हेटरीच्या विद्यार्थ्यांनी. आणि आना गोटलीब: १७८६ साली मोझार्टच्याच 'फिगारो'च्या पहिल्या प्रयोगात ती बार्बारिना होती, वय १२, पाच वर्षांनी 'जादूची बासरी'त पामिना, वय १७. त्याच प्रयोगात तिच्यासमोर पापागेनो होता शिकानेडर, ज्यानं त्या ऑपेराचे शब्द लिहिले आणि जो गायकापेक्षा नट आणि नाटकमंडळीचा चालक जास्त होता. म्हणजे 'बाय मेन्नर्न, वेल्खे लीबं फ्यूलन' हे युगुलगीत १७ वर्षांची मुलगी आणि एक नट यांच्या गळ्यांना बेतून लिहिलं गेलं. पापागेनोची ओळ साधी आहे ती म्हणून, आणि पामिनाची नितळ आहे ती म्हणून. मोझार्ट हे करत असे, समोरच्या गळ्यावर माप घेऊन कापड बेतत असे. आपल्याला कपडे शिवता येत नाहीत, तयार कपड्यांतून अंगाला बसेल असा शोधावा लागतो; पण माप तरी घेतलं पाहिजे.

बॅरिटोनला हेच द्यायचं, थोरलीबरोबर. शेवटी पामिनाला वर बी फ्लॅटपर्यंत जाणारी लड आहे. ती एकाच अक्षरावर वाहते, थोरली ती सहज घेईल. धाकटीला किंवा सतरावालीला मी आज दिलं नसतं. वर जाता येतं, पण जाऊन शांतपणे परत यायला अजून वेळ आहे. मला या गाण्यात सर्वांत आवडतं ते हे की दोघं प्रेमाबद्दल गातात, पण एकमेकांवर प्रेम करत नाहीत. त्यामुळे तरुण मुलांचा संकोच गळून पडतो. हात हातात घ्यायचा की नाही, हा प्रश्नच येत नाही.

'ओनेगिन'च्या सुरुवातीचं ताट्याना आणि ओल्गाचं युगुलगीत मनात होतं, पण ते पुढे चौघींच्या गाण्यात मिसळतं आणि रशियन उच्चारांना आमच्याकडे वेळ नाही. पुढे कधीतरी.

१ जुलै

धाकटी आणि सतरावाली: पर्सेलचं 'फिअर नो डेंजर टु एन्स्यू'. बेलिंडा आणि दुसरी सखी डायडोला धीर देतात, भिऊ नकोस, त्याचंही तुझ्यावर तेवढंच प्रेम आहे. दोन मैत्रिणी तिसरीला समजावतात, या वयाच्या मुलींना हे कुणी शिकवावं लागत नाही. तीन मात्रांची नाचरी चाल, दोन्ही ओळी शेजारी-शेजारी, आणि लगेच तेच वृंदगान म्हणून परत येतं. म्हणजे बाकीचे सहा जण मागून उचलतील. सर्वांत लहान दोघी कार्यक्रम सुरू करतील आणि थोरले त्यांच्या मागे उभे राहतील.

ओळी दर तालमीला बदलायच्या. शेवटी कोण वरची गाणार ते ऑगस्टमध्ये ठरवू.

५ जुलै

त्याच दोघींबरोबर हम्परडिंकच्या 'हेन्झेल आणि ग्रेटेल'मधली संध्याकाळची प्रार्थना करून पाहिली. चौदा देवदूत: दोघे उशाशी, दोघे पायथ्याशी, दोघे उजवीकडे, दोघे डावीकडे, दोघे पांघरूण घालायला, दोघे जागं करायला, दोघे स्वर्गाची वाट दाखवायला. हिशेब असा असल्यानं शब्द एका बैठकीत पाठ झाले. मुलांचं गाणं म्हणून लोक ते मुलांना देतात.

पण ही दोन मुलं गातात ती वाग्नरच्या पठडीतल्या भरगच्च वाद्यवृंदाबरोबर. १८९३च्या पहिल्या प्रयोगात वाद्यवृंदाचं संचालन केलं होतं रिखार्ड श्ट्राउसनं. मोठ्या बायकांनी गायची भूमिका आहे ती. पियानोबरोबर वाद्यवृंदाची अडचण मिटते, तरी संथ लय आणि लांब श्वास राहतोच. धाकटीकडे मी जवळून बघत होते. तिसऱ्या वाक्यापासून तिची हनुवटी प्रत्येक लांब स्वराबरोबर किंचित वर सरकायला लागली, आणि पियानोच्या कडेवर ठेवलेली बोटं पांढरी पडली. आवाज गोडच होता. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाला काही जाणवलं नसतं. मी थांबवलं.

हळू गाणं हे मोठ्यानं गाण्यापेक्षा नंतर शिकायचं असतं. हे मला माहीत होतं, तरी पुन्हा एकदा त्या मोहात पडले, कारण गाणं इतकं सुंदर आहे. यादीतून काढलं.

११ जुलै

मधली आणि बास-बॅरिटोन. 'फिगारो'चा पडदा उघडतो ते युगुलगीत, 'चिंक्वे, दियेची'. फिगारो खोलीत पलंगासाठी मापं घेतो आहे: पाच, दहा, वीस, तीस, छत्तीस, त्रेचाळीस. त्याची होणारी बायको सुझाना आरशासमोर नवी टोपी घालून बघते आहे. दोघांच्या चाली वेगळ्या, दोघांचं लक्ष वेगळीकडे. ती म्हणते, बघ ना जरा माझी टोपी. तो मोजतोच आहे. शेवटी तो बघतो, आणि तिचीच चाल गायला लागतो. सगळं लग्न त्या एका जागेत आहे: आपली चाल सोडून त्यानं तिची घेतली.

सराव सुरू केला तो खरी मोजपट्टी देऊन. बास-बॅरिटोन गुडघ्यावर बसून जमीन मोजू लागला आणि लगेच त्याचा आवाज दबला, पोट घडीत गेलं. मग एक गुडघा टेकून, पाठ सरळ ठेवून केलं, ठीक झालं. मधलीला सांगितलं, तू त्याच्याकडे बघूच नकोस, फक्त आकडे ऐक, आणि त्रेचाळीसनंतर श्वास घे. तीन वेळा चुकली. ती मात्रा मोजत होती, आकडे ऐकत नव्हती. चौथ्या वेळी मी तिचा स्कोअर काढून घेतला. मग बरोबर आलं, आणि आवाजही एकदम पुढे आला, दातांच्या मागे.

सरांचं म्हणणं, पर्गोलेझीच्या 'ला सेर्वा पाद्रोना'तलं 'लो कोनोस्को'ही या जोडीला छान जाईल. १७३३ सालचा तो छोटा खेळ, गाणारी माणसं दोनच, तिसरा मुका. सेर्पिना धन्याला म्हणते, तोंडानं तुम्ही नाही नाही म्हणता, पण डोळे हो म्हणतात. खरंच छान जाईल. 'फिगारो' जमलं नाही तर राखीव.

१९ जुलै

टेनरला सोप्रानोबरोबरही काही हवं. एका पुरोहितावर त्याची भूक भागणार नाही, आणि भागू नयेच. मोझार्टनं १२व्या वर्षी लिहिलेलं 'बास्तियां आणि बास्तिएन' काढलं. त्यातलं भांडणाचं युगुलगीत, 'गे! गे! गे, हेर्त्स फोन फ्लान्डर्न!'. जा, चालता हो, असं दोघं म्हणतात आणि जात कुणीच नाही. शेवटी गोडी होते. जोडीदार मधली.

छोटी वाक्यं, आळीपाळीनं. टेनर एक वाक्य म्हणतो, मग तिचं ऐकताना त्याचा गळा सैल होतो, मग पुढचं. पहिल्याच तालमीला तो म्हणाला की मला पहिल्यांदाच घशाची आठवण झाली नाही.

२ ऑगस्ट

धाकटीला सर्दी. कुजबुजायचंही नाही, असं बजावून घरी पाठवलं. सतरावालीनं तिच्या वाटणीची वरची ओळ गायली आणि सगळ्यांनी मान वर करून बघितलं.

९ ऑगस्ट

'फिगारो'तलंच 'सुल्लारिया'. कार्यक्रमाचा गाभा हाच व्हावा असं मला सुरुवातीपासून वाटत होतं, पण सांगत नव्हते.

काउंटेस पत्र सांगते, सुझाना लिहून घेते. ओबो आणि बासून वाऱ्यासारखे मागून वाहतात. आमच्याकडे ते सरांच्या उजव्या आणि डाव्या हातात. काउंटेस एक ओळ म्हणते, आज संध्याकाळी किती सुखद झुळूक वाहील, आणि सुझाना लिहिता लिहिता शेवटचे शब्द पुन्हा म्हणते. ऐकल्याशिवाय ती गाऊच शकत नाही, कारण तिला लिहायचं आहे. पाइनच्या झाडांखाली, उपवनात. बाकीचं त्याला, म्हणजे काउंटला, कळेल. मग दोघी मिळून पत्र वाचून बघतात, आणि तिथे दोन आवाज एकमेकींच्या ओळी उचलत राहतात, शेवटी कुणाची कुठली ते उरत नाही. जेमतेम तीन मिनिटं.

मोझार्टनं इथे ऐकणं हीच क्रिया म्हणून लिहून ठेवली आहे. माझ्या तीन रकान्यांपैकी उसंतीच्या रकान्यात इतक्या खुणा दुसऱ्या कुठल्याच गाण्याला पडल्या नाहीत.

थोरली काउंटेस, मधली सुझाना. मधलीला खरा कागद आणि पेन्सिल दिली. तिनं नुसतं लिहिल्यासारखं करायचं नाही, खरोखर ते इटालियन शब्द लिहायचे. पहिल्या वेळी लिहिणं मागे पडलं, तिनं घाईनं गाऊन टाकलं. थोरलीला म्हटलं, तिच्या पेन्सिलीकडे बघ, ती थांबली की पुढची ओळ सुरू कर. आणि मग जे घडलं त्यासाठी मी हे काम करते: थोरलीनं वाट बघितली. सरांचे हात कळांवर तसेच थांबले. पेन्सिल कागदावर घासल्याचा आवाज आला, ती उचलली गेली, आणि थोरलीचा श्वास ऐकू आला. पुढची ओळ कुणी मोजल्याशिवाय आली.

२० ऑगस्ट

'मीरा, ओ नोर्मा'बद्दल मधलीनं पुन्हा विचारलं. शांतपणे सांगितलं की बेलिनीची ती लांब ओळ धरायला आतली जी ताकद लागते ती तुझ्यात वाढते आहे, पण अजून वाढायची आहे. "किती वर्षं?" असं तिनं विचारलं. खरं उत्तर दिलं: गळा सांगेल तेव्हा, आणि तोपर्यंत त्याला घाई लावायची नाही. तिनं मान डोलावली, पण मन भरलं नव्हतं. भरायला नकोही, हवं असणं चांगलं.

तिच्या वाट्याला आता तीन युगुलगीतं आहेत, थोरलीच्याही तीन. दोघींची लागोपाठ दोन येणार नाहीत असा क्रम लावायचा.

२८ ऑगस्ट

क्रम: पर्सेल, 'चिंक्वे दियेची', 'बाय मेन्नर्न', भांडण, बार्कारोल, पुरोहित, 'सुल्लारिया'. 'चिंक्वे' आणि भांडण यांच्यामध्ये 'बाय मेन्नर्न' आल्यानं मधलीला उसंत. बार्कारोल आणि 'सुल्लारिया' यांच्यामध्ये पुरोहित, म्हणून थोरलीलाही. प्रत्येक गाण्याआधी दोन वाक्यांत प्रसंग सांगायचा, आणि तो पुढच्या जोडीनं नव्हे, आधीच्या जोडीनं सांगायचा, म्हणजे गाणाऱ्यांना बोलण्यातून गाण्यात उडी मारावी लागणार नाही.

पर्सेलमध्ये वरची ओळ सतरावाली गाणार. ठरलं. धाकटी खालची. तिला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं, पण ती म्हणाली, "मला खालून तिचं जास्त ऐकू येतं."

६ सप्टेंबर

बार्कारोल साथीशिवाय. जूनमध्ये 'लाक्मे'ला लावली होती तीच कसोटी. मेझोनं सुरुवात केली, थोरली आत शिरली, दोघी एकमेकींकडे तोंड करून उभ्या होत्या. शेवटी सरांनी डी मेजर दाबला. सूर होता तिथेच होता. मेझोनं तोंडावर हात ठेवला.

१६ सप्टेंबर

काल कार्यक्रम झाला. 'चिंक्वे'त मोजपट्टी एकदा हातातून निसटली, मधलीनं टोपी सावरता सावरता ती पायानं परत सरकवली, आकडा चुकला नाही. पुरोहितांना लोकांनी अगदी शांतपणे ऐकलं आणि शेवटी हसले. टेनर खूश होता. 'सुल्लारिया'नंतर मधलीनं लिहिलेलं पत्र मी मागून घेतलं. अक्षर गिचमिड आहे, पण एकही शब्द सुटलेला नाही.

आज सगळ्यांना बोलावून आवाज तपासले. आठही गळे मोकळे, सतरावालीचा तर जूनपेक्षा वर.

निघताना मेझोनं कपाटातून 'लाक्मे'चा स्कोअर काढून माझ्यापुढे धरला, काही बोलली नाही. मी पहिल्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं दोघींची आद्याक्षरं लिहिली, त्याखाली 'बी मेजर, साथीशिवाय, जून', आणि तिच्याच हातात परत दिला.